बिल्डिंगची उंची नेमकी कुठून मोजायची?

सोलापूरच्या साखर कारखान्याची, विमानांच्या वाटेत येणारी ती सुमारे 90 मीटरची चिमणी जून 2023 मध्ये पाडली, मग 2025 मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याची विमानं सुरू झाली, आणि तेव्हापासून त्या बाजूला प्लॉट बघणारे बरेच जण एकच विचारतात, आम्हाला किती मजले मिळणार ओ? प्रश्न बरोबर आहे पण अर्धा आहे. मजला हे काही माप नाही, नियम मीटरमध्ये बोलतात, आणि मीटर म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो म्हणजे शून्य कुठं धरायचा. सगळी गंमत त्या शून्यात आहे, आणि मला हा विषय आवडतो तो त्यामुळंच.

आधी प्लॉटचं बघू. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतं आणि एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणजे साधारण 1076 चौरस फूट. व्यवहारात "आर म्हणजेच गुंठा" असं धरून चालतात आणि 10 गुंठ्यांत सव्वाशे चौरस फुटांचा फरक पडतो, एक छोटी खोली गेली की! दुसरं म्हणजे क्षेत्रफळ नेहमी आडवं, नकाशावर पडेल तसं मोजतात, जमिनीच्या उतारावरून टेप टाकून नाही. दहाला एक असा उतार असेल आणि उताराला चिकटवून टेप 30 मीटर भरला, तर आडवं अंतर 29.85 मीटरच असतं. 15 सेंटिमीटर कुणी चोरले नाहीत, ते उतारात गेले.

मार्जिनचा, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेचा, शून्य कुठं? लोक म्हणतात कंपाउंडपासून. साइड आणि मागचं मार्जिन हद्दीपासून खरंच, पण पुढचं मार्जिन रस्त्याच्या रेषेपासून, आणि ती रेषा आज दिसणाऱ्या डांबराची असेलच असं नाही. विकास आराखड्यात रस्ता 12 मीटरचा दाखवलाय आणि आज तो 9 मीटरचा आहे, रुंदीकरण दोन्हीकडं सारखं धरलंय, तर तुमच्या बाजूनं दीड मीटर आधी रस्त्यात जाणार आणि मग तिथून पुढं मार्जिन मोजायचं. गावठाणात, जुन्या पेठांत नियम वेगळे आणि सैल आहेत, भिंतीला भिंत लागलेल्या वाड्यांना नव्या कॉलनीचं मार्जिन लावलं तर घरच उरणार नाही.

इमारत उंच झाली की मार्जिनही वाढतं, कारण सावली आणि हवा. न्यूयॉर्कला 1915 मध्ये 38 मजल्यांची इक्विटेबल बिल्डिंग रस्त्याच्या कडेपासून सरळ वर गेली, आजूबाजूच्या गल्ल्या अंधारल्या आणि 1916 मध्ये तिथं नियम आला की ठरावीक उंचीनंतर भिंत मागं घ्या, किती ते रस्त्याच्या रुंदीवर. सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तरेला आहे, 21-22 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 49 अंशांवर असतो, म्हणजे 10 मीटर उंच घराची सावली उत्तरेला जवळजवळ पावणेनऊ मीटर पडते. आता वास्तुवाले सांगतात उत्तर-ईशान्येला जास्त जागा मोकळी सोडा, प्रकाश येतो, ऊर्जा येते. ऐन थंडीत उत्तरेच्या त्या मोकळ्या जागेवर दुपारी तुमच्याच घराची सावली असते हो, ऊर्जा कुठली! ऊन पाहिजे असेल तर दक्षिणेच्या शेजाऱ्याची उंची बघा.

आता उंची. मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला 2020 पासून जी एकत्रित नियमावली लागू आहे, जिला आर्किटेक्ट लोक यूडीसीपीआर म्हणतात, तिच्यात सपाट छताच्या इमारतीची उंची भोवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून गच्चीपर्यंत धरतात. पाण्याची टाकी, लिफ्टची मशीन रूम, जिन्यावरची खोली, गच्चीचा कठडा हे साधारणपणे त्यात धरत नाहीत. समजा प्लॉट उताराचा आहे आणि इमारतीच्या चार कोपऱ्यांना जमीन 0, 0.4, 1.2 आणि 0.8 मीटर आहे, तर सरासरी 0.6. खालच्या कोपऱ्यात उभं राहून बघितलं तर गच्ची 12.2 मीटरवर, कागदावर उंची 11.6. दोन्ही आकडे खरे आहेत, शून्य वेगळा आहे. म्हणूनच मुरमाचा भराव टाकायच्या आधीची लेव्हल कागदावर असणं महत्त्वाचं, नाहीतर जमीन वर उचलून इमारत बुटकी करता येते.

आणि विमानाला तुमची जमीन दिसतच नाही. पायलटचा हिशेब समुद्रसपाटीपासून चालतो, म्हणून विमानतळ प्राधिकरणाचं एनओसीसुद्धा समुद्रसपाटीपासून किती उंचीपर्यंत टोक चालेल हे सांगतं, आणि टोक म्हणजे टोक, टाकी, अँटेना, वीजवाहक सळई सगळं आलं. मोठ्या धावपट्टीभोवती 4 किलोमीटरपर्यंत, विमानतळाच्या पातळीच्या 45 मीटर वर एक अदृश्य आडवं छत मानतात. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना तर तिरकं छत असतं, उपकरणांवर उतरायची सोय असेल तर 50 मीटर लांब गेल्यावर 1 मीटर चढणारं, म्हणजे दीड किलोमीटरवर जेमतेम 30 मीटर. तिथं चिमणी 90 मीटरची असेल तर काय होतं ते सांगायला नको.

पण सोलापुरात समुद्र कुठाय? सोलापूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती आली कुठून? अरबी समुद्रापासून सोलापूरपर्यंत एक चर खणला, पाणी आत येऊन शांत झालं, तर ते जिथं थांबेल ती इथली समुद्रसपाटी. ती गुळगुळीत नसते, पृथ्वीच्या आत वस्तुमान कमी-जास्त आहे त्याप्रमाणे गुरुत्वाकर्षण बदलतं आणि हा पाण्याचा पृष्ठभाग कुठं फुगतो, कुठं खचतो. याला जिऑइड म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागानं किनाऱ्यावर वर्षानुवर्षं भरती-ओहोटी मोजून सरासरी काढली आणि तिथून लेव्हलिंग करत करत देशभर बेंचमार्क, म्हणजे उंची पक्की केलेल्या खुणा, रोवले. जीपीएस मात्र जिऑइड बघत नाही, ते एका गणिती, गुळगुळीत लंबगोलापासून उंची काढतं. आणि आपला देश बसलाय नेमका खड्ड्यात! जगातला जिऑइडचा सगळ्यात खोल खड्डा श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे, लंबगोलाच्या साधारण 106 मीटर खाली, आणि त्याचा उतार आपल्यापर्यंत येतो. सोलापुरात हा फरक 60 ते 80 मीटरच्या दरम्यान भरतो. म्हणजे समुद्रसपाटीपासून 480 मीटरवरच्या प्लॉटवर जीपीएस रिसीव्हर दुरुस्ती न करता 410 च्या आसपास दाखवेल. हा आकडा कुणी एनओसीच्या अर्जात तसाच भरला तर प्लॉट कागदावर 70 मीटर, म्हणजे वीसेक मजले, खाली जातो आणि प्रत्यक्षात इमारत विमानाच्या वाटेत उभी राहते. काही फोन ही दुरुस्ती आपोआप करतात, काही ॲप करत नाहीत, तेव्हा फोनवरच्या आकड्यावर हे काम सोडू नका, बेंचमार्कशी जोडलेला सर्व्हे करून घ्या.

हिशेब असा करायचा. समजा एनओसीत टोकाची उंची 525 मीटर आली आणि तुमची जमीन 481 वर आहे, तर हातात 44 मीटर. त्यातून टाकी, मशीन रूम आणि सळई यांचे 6 मीटर काढा, गच्ची 38 मीटरवर. महापालिका मात्र ती टाकी मोजणार नाही, तिच्या हिशेबात इमारत 38 मीटरचीच आणि मार्जिन त्यावरून ठरेल. त्यामुळं आर्किटेक्टकडून नकाशावर दोन्ही आकडे मागून घ्या, गच्चीची जमिनीपासूनची उंची आणि सगळ्यात वरच्या टोकाची समुद्रसपाटीपासूनची, आणि दुसरा आकडा कुठल्या बेंचमार्कवरून काढला तेही लिहून घ्या.