साइट न सोडता क्वांटिटी सर्व्हेइंगची एमएस्सी : पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

आपल्याकडे ‘सर्व्हेयर’ म्हटलं की भूमी अभिलेखचा मोजणीदार आठवतो, बांधावर उभा राहून दोन भावांची भांडणं ऐकणारा. ब्रिटिश विद्यापीठं दूरस्थ पद्धतीने देतात त्या क्वांटिटी सर्व्हेइंगचा त्याच्याशी काही संबंध नाही. एस्टिमेट काढणं, बीओक्यू (कामांची आणि परिमाणांची यादी) बनवणं, एमबी (मोजमाप वही) भरणं, आरए बिल (काम चालू असतानाचं बिल) तपासणं आणि एक्स्ट्रा आयटमवरून गुत्तेदाराशी डोकेफोड करणं, हे ते काम. जालना-संभाजीनगर पट्ट्यातले कितीतरी साइट इंजिनिअर ते रोज करतात, फक्त त्यांच्या नेमणूकपत्रावर तसं लिहिलेलं नसतं. ओढा नकाशा आणि जीआयएसकडे (संगणकावरच्या भौगोलिक माहितीकडे) असेल तर इग्नूची जिओइन्फर्मेटिक्समधली एमएस्सी बघा. भारतातल्या दूरस्थ प्रवेशासाठी आधी डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) काढावा लागतो. ‘घरबसल्या एमटेक’ विकणाऱ्या एजंटाला मात्र दारातूनच परत पाठवा. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ पद्धतीने देताच येत नाही.

पदवी वापरायची कुठे, हे फॉर्म उघडण्याआधी ठरवा. खासगी कंपनी, सल्लागार संस्था किंवा आखातातली नोकरी डोळ्यांपुढे असेल तर तिचा उपयोग आहे. सरकारी बढतीसाठी हवी असेल तर जपून. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे यूजीसीचे नियम २०२५ मध्ये आले आहेत. ते वाचा, आस्थापना शाखेला लेखी विचारा आणि उत्तर हातात आल्यावरच पैसे भरा.

रीडिंगचं युनिव्हर्सिटी ऑफ द बिल्ट एन्व्हायर्न्मेंट (२०२५ मध्ये नाव बदलण्याआधीचं यूसीईएम), सॅलफर्ड आणि एडिंबरोचं हेरियट-वॅट ही या विषयातली ओळखीची नावं. विद्यापीठ मोठं आहे एवढ्यावर थांबू नका. तुमच्या नेमक्या अभ्यासक्रमाला, तोही दूरस्थ स्वरूपात, आरआयसीएसची मान्यता आहे ना, हे त्या संस्थेच्या यादीत तपासा. आरआयसीएस म्हणजे १८६८ मध्ये लंडनला स्थापन झालेली चार्टर्ड सर्व्हेयरांची संस्था. पुढचा सगळा मार्ग तिच्यातूनच जातो.

पात्रता साधी आहे. बीई सिव्हिल किंवा बीआर्क पुरेसं ठरतं आणि इतर शाखांचे पदवीधरही बऱ्याच ठिकाणी चालतात. फक्त पॉलिटेक्निकचा डिप्लोमा असेल तर काही विद्यापीठं अनुभव बघून विचार करतात. अशांनी फॉर्म भरण्याआधी प्रवेश विभागाला ईमेल टाकावा.

कागदपत्रं थोडी आहेत, पण वेळ तीच खातात. पदवी प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला एकत्रित उतारा), पासपोर्ट, बायोडेटा, शिफारसपत्र, अनुभवपत्र आणि इंग्रजीचा पुरावा. तो आयईएलटीएस परीक्षेचा की ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी’ या कॉलेजच्या दाखल्यावर भागतं, हे विद्यापीठ ठरवतं. ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडे मागत बसू नका. पदवीवर ज्याचं नाव, त्या विद्यापीठाकडे जा : संभाजीनगर, नांदेड किंवा थेट लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ. पुढची अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव कुठे आहे कुठे नाही. लग्नानंतर नाव बदललेल्यांचं तर विचारूच नका. अर्ज पासपोर्टप्रमाणे भरा आणि फरकासाठी प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्राची प्रत तयार ठेवा.

अनुभवपत्राबद्दल मला जरा जास्तच तळमळ आहे, कारण माझं स्वतःचं एक पत्र कायमचं राहिलं. काम संपलं, गुत्तेदाराने ऑफिस गुंडाळलं आणि फोन लागेना. तेव्हा साइटवर असतानाच लेटरहेडवर लिहून घ्या. ‘काम समाधानकारक’ एवढ्याने काही होत नाही. प्रकल्प, रक्कम, कालावधी आणि तुम्ही मोजमाप, दर पृथक्करण (रेट अ‍ॅनालिसिस), बिलं यांपैकी काय केलं, ते त्यात हवं.

दूरस्थ म्हणजे व्हिसा नाही, घर सोडणं नाही. फी बँकेतून ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि पॅन देऊन पाठवता येते. पैसे पत्रद्वारा अभ्यासक्रमाच्या फीचे आहेत, हे बँकेत स्पष्ट सांगा. आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेली एकूण रक्कम १० लाखांच्या आत असेल तर टीसीएस (बँकेने आधीच घ्यायचा कर) कापला जात नाही.

वेळेचा हिशेब मात्र कोणी सांगत नाही. ब्रिटिश एमएस्सी १८० क्रेडिटची, एका क्रेडिटला १० तास धरले तर १,८०० तास. दोन वर्षांत बसवायची तर आठवड्याला १७ तास. तिकडचं संध्याकाळी सहाचं व्याख्यान हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेअकराला, त्यात सकाळी आठला स्लॅब असला तर बघा. शिवाय आपण आयएस १२०० या भारतीय मानकाप्रमाणे बांधकाम मोजतो, तिथे एनआरएम हे ब्रिटिश मोजमापाचे नियम शिकवतात. सवय मोडायला महिना-दोन महिने जातात.

पदवी मिळाली म्हणजे लगेच चार्टर्ड (आरआयसीएसने मान्य केलेला सर्व्हेयर) होत नाही. त्यासाठी आरआयसीएसचं एपीसी हे मूल्यमापन आहे. नवख्याला साधारण २४ महिन्यांचं नोंदवलेलं प्रशिक्षण लागतं आणि पाच वर्षांचा अनुभव असलेल्याला १२. त्यात तुमच्याच एका प्रकल्पावर ३,००० शब्दांची केस स्टडी लिहायची असते. शेवटी ६० मिनिटांची मुलाखत, तीतली पहिली दहा मिनिटं त्या केस स्टडीच्या सादरीकरणाची. बीडच्या पुलाचा असो की शेंद्र्याच्या शेडचा, तिथे बोलायला प्रकल्प तुमचाच हवा. म्हणून अर्ज केला त्या आठवड्यापासून दर, वाद आणि बदललेले आयटम तारखेसकट वहीत टिपायला लागा.