एक्सकेडी 501: एका जॅग्वारचा सातबारा

ऑगस्ट 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे आरएम सदबीजच्या लिलावात एक निळी जॅग्वार डी-टाइप, म्हणजे 1950च्या दशकातली शर्यतीची गाडी, 2 कोटी 17 लाख 80 हजार डॉलरला गेली. ब्रिटिश बनावटीच्या गाडीला लिलावात तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती. डी-टाइप मुळात शंभरच्याही आत बनल्या, पण नुसत्या दुर्मिळपणाने हा आकडा येत नाही. जमीन घेताना आपण सातबारा आणि जुने फेरफार बघतो, तसा इथे चॅसी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा क्रमांक, बघतात. शर्यतीच्या गाड्या आपटतात, एकीचं इंजिन दुसरीत बसतं, आणि मग खरी गाडी कोणती यावरून वाद होतात. या गाडीचा चॅसी नंबर एक्सकेडी 501, आणि तिचा उतारा मात्र कोरा.

मे 1955 मध्ये ती एडिनबराच्या ‘एकुरी एकॉस’ या खासगी संघाकडे आली. डेव्हिड मरे यांचा हा संघ मर्चिस्टन म्यूज नावाच्या गल्लीतल्या गॅरेजातून चाले. रंग स्कॉटलंडच्या झेंड्याचा निळा, पाटी एमडब्ल्यूएस 301. सुरुवात वाईटच झाली. जिमी स्टुअर्टने (पुढे जगज्जेता झालेल्या जॅकीचा हा थोरला भाऊ) ती आपटली आणि त्याच वर्षी शर्यती कायमच्या सोडल्या.

फ्रान्समधल्या लमाँच्या 24 तासांच्या शर्यतीत 1955 साली अपघात होऊन ऐंशीहून जास्त माणसं मेली होती. म्हणून 1956 ची शर्यत ट्रॅकमधल्या सुधारणांसाठी जूनऐवजी जुलैअखेर झाली. जॅग्वार कंपनीच्या स्वतःच्या तीन गाड्या उतरल्या होत्या, लांब नाकाच्या, नव्या. त्यातल्या दोन दुसऱ्याच फेरीत बाद. तिसरी माइक हॉथॉर्नची. तिच्या फ्युएल इंजेक्शनच्या नळीला बारीक तडा गेला होता आणि तो सापडेपर्यंत कितीतरी फेऱ्या हातच्या गेल्या. राहिली ती एकॉसची एकुलती एक, आखूड नाकाची, साधे वेबर कार्ब्युरेटर लावलेली 4 नंबरची गाडी. रॉन फ्लॉकहार्ट आणि निनियन सँडरसन यांनी 24 तासांत 300 फेऱ्या मारल्या, म्हणजे चार हजार किलोमीटरच्या वर. स्टर्लिंग मॉस आणि पीटर कॉलिन्स यांची अॅस्टन मार्टिन एका फेरीने मागे राहिली. हॉथॉर्नची गाडी सहावी आली. कारखान्याची इभ्रत गिऱ्हाइकाने राखली, असंच म्हणायचं.

1957 मध्ये एकॉसने लमाँ पुन्हा जिंकली, पण ती डी-टाइप वेगळी. हा घोळ बरेच जण करतात. 501 त्या वर्षी इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत उतरली, पण शर्यत पूर्ण करू शकली नाही. थोड्याच दिवसांत तिची धावपळ थांबली आणि माझ्या मते तिथेच ती वाचली. जुनी झालेली शर्यतीची गाडी तेव्हा कुणीही स्वस्तात घ्यायचा, वाटेल तशी कापायचा. ही मात्र संघाचे आश्रयदाते मेजर थॉमसन यांच्याकडे राहिली. 1970 मध्ये सर मायकेल नेर्न यांनी ती घेऊन लमाँच्या वेळच्या रूपात आणली. त्यानंतर ती अमेरिकेतल्या एका संग्राहकाकडे गेली आणि तिथूनच लिलावात आली. साठ वर्षांत हात बदलले ते एवढेच.

तिचा विक्रम वर्षभरच टिकला. ऑगस्ट 2017 मध्ये माँटेरेलाच दुसरी एक गाडी 2 कोटी 25 लाख 50 हजार डॉलरला गेली. ती निघाली अॅस्टन मार्टिन.