दोर आला तो गडासाठी: सह्याद्रीतल्या प्रस्तरारोहणाची पार्श्वभूमी

इगतपुरीजवळच्या मदनगडाच्या पायऱ्या चढत गेलं की एका ठिकाणी त्या एकदम तुटतात. बाजूला खोल दरी, समोर उभा कातळ आणि त्याच्यावर पुन्हा पायऱ्या सुरू. मधला टप्पा मुद्दाम उडवलेला आहे. एप्रिल १८१८ मध्ये त्र्यंबकगड इंग्रजांच्या हाती गेला आणि पाठोपाठ नाशिक परिसरातले बरेच किल्ले शरण आले. ते पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून अनेक गडांच्या वाटा सुरुंग लावून फोडल्या गेल्या. अलंग आणि मदन हे शेजारशेजारचे गड त्यांतलेच. शेजारच्या डोंगररांगेतल्या हरिहरच्या पायऱ्या सुदैवाने वाचल्या. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज तिथे गेला होता आणि त्या भयंकर उभ्या चढणीबद्दल त्याने लिहूनही ठेवलं.

महाराष्ट्रातल्या प्रस्तरारोहणाची, म्हणजे दोर लावून कातळ चढण्याची, एक मोठी प्रेरणा मला या तुटलेल्या वाटांमध्ये दिसते. आल्प्समध्ये १७८६ साली माँ ब्लाँ सर झालं, ते शिखराच्या ओढीने. आपल्याकडे माणसं डोंगरात गेली ती बहुतेक इतिहासाच्या ओढीने. शिवरायांचे गड पाहायचे, टाक्यातलं पाणी प्यायचं, गुहेत मुक्काम करायचा. पण अलंग-मदनसारख्या गडांवर दोराशिवाय जाताच येईना, मग दोर शिकणं आलं.

ते शिक्षण हिमालयातून आलं. १९५३ मध्ये तेनसिंग एव्हरेस्टवर पोहोचले आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था उभी राहिली. मुंबईतला ‘गिरिविहार’ हा गिर्यारोहण क्लबही १९५४ चाच. १९६५ मध्ये उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था निघाली. तिथे बेसिक, अ‍ॅडव्हान्स हे गिर्यारोहणाचे कोर्स करून आलेली मुलं सुट्टीच्या दिवशी नागफणी, कर्नाळा, तैलबैला असे सह्याद्रीतले सुळके आणि कडे गाठू लागली.

सह्याद्रीचा खडक मात्र पुस्तकातल्यासारखा वागत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हा बेसाल्ट झाला. त्यामुळे उभी भिंत, मध्ये गवताळ टप्पा, पुन्हा भिंत अशी रचना. भेगा कमी, आणि असतात त्याही पुष्कळदा कुजक्या. त्यात ठोकलेल्या पिटॉनचा, म्हणजे दोर अडकवायच्या लोखंडी खिळ्याचा, भरवसा नसतो. म्हणून इथल्या आरोहकांनी कड्याला लटकत, हाताने ठोकून कातळात भोकं पाडत त्यांत पक्के रुतणारे बोल्ट बसवले. एकेका बोल्टामागे किती वेळ आणि दंडातली किती ताकद खर्ची पडली असेल, हे वर जाणाऱ्या प्रत्येकाने आठवावं असं मला मनापासून वाटतं.

याच कातळावर तयार झालेली माणसं पुढे उंच गेली. १८ मे १९९८ रोजी पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, असे पहिले महाराष्ट्रीय. १९ मे २०१२ रोजी पुण्याच्याच ‘गिरिप्रेमी’ या क्लबचे आठ जण एकाच मोहिमेत माथ्यावर होते.

आता अलंग, मदन आणि शेजारचा कुलंग ही शनिवार-रविवारची सहल झाली आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित माणसं, सुरक्षेची साधनं हे सगळं त्यात आलं. ते हवंच होतं. पण पायथ्याच्या आंबेवाडीतले वाटाडे हा कातळ इतर कुणाहूनही जास्त ओळखतात. नोंदणीच्या कागदांत ते मागे पडता कामा नयेत. बेसिक कोर्सच्या फीपासून विम्यापर्यंतचा त्यांचा खर्च सरकारने आणि क्लबांनी मिळून उचलायला हवा.