पेनहर्स्ट हे ‘वेड्यांचं हॉस्पिटल’ नव्हतं

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पेनहर्स्ट या बंद पडलेल्या संस्थेचे फोटो मराठीत फिरायला लागले की त्याखालचा मजकूर वाचायची मला धास्ती वाटते. पोपडे आलेल्या भिंती, गंजलेला लोखंडी पाळणा आणि ठरलेली ओळ: ‘अमेरिकेतलं झपाटलेलं वेड्यांचं हॉस्पिटल’. यातलं ‘झपाटलेलं’ खोटं आहे हे बहुतेकांना कळतं. ‘वेड्यांचं हॉस्पिटल’ हेही तितकंच खोटं आहे, पण तिथे कोणी अडखळतही नाही.

मनोरुग्णालय काय असतं ते ठाणे-येरवड्याची नावं ऐकत वाढलेल्यांना समजावायला नको. मानसिक आजार झालेल्या माणसाला उपचारासाठी ठेवायची जागा. अमेरिकेत तिला स्टेट हॉस्पिटल म्हणत. पेनहर्स्ट होतं स्टेट स्कूल. १९०८ साली ते उघडलं तेव्हा ते ‘क्षीणबुद्धी आणि अपस्मारी’ (म्हणजे फेफरं येणाऱ्या) लोकांसाठी आहे असं सरकारी नावातच लिहिलेलं होतं. आज आपण ज्याला बौद्धिक अक्षमता म्हणतो, ती असलेली मुलं तिथे आणून ठेवत आणि तिथेच ती म्हातारी होत.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. दोन्ही ठिकाणी लाल विटांच्या इमारती, गावापासून दूर, स्वतःची शेती, स्वतःचं दफनस्थान. नावावर विसंबलात तरी फसाल. पेनहर्स्टच्या नावात पुढे ‘स्टेट स्कूल अँड हॉस्पिटल’ असं आलं आणि त्यातला नेमका शेवटचा शब्द उचलून लोक मोकळे झाले.

खरा फरक एका प्रश्नात आहे: इथे आणलेला माणूस बरा होऊन घरी जाणार, असं निदान कागदावर तरी होतं का?

स्टेट हॉस्पिटलमध्ये होतं. आजार येतो, वाढतो, ओसरतो, कधी उलटतो. पुष्कळांची तिथे आयुष्यं सडली, तरी डिस्चार्ज नावाची गोष्ट होती. स्टेट स्कूलमध्ये आजारच नव्हता, मग बरं कशातून होणार? डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या बाळाच्या आईबापांना डॉक्टरच सांगत, याला संस्थेत ठेवा आणि विसरून जा. अशी मुलं तिथे आयुष्यभराची होऊन जात.

माझा मावसभाऊ बौद्धिक अक्षमता असलेला आहे. चाळिशी ओलांडलेला, रोज सकाळी स्वतः दूध आणणारा. घरी आलेला पाहुणा हमखास मावशीला विचारतो, “औषध चालू आहे ना? कधी बरा होईल?” मावशी दर वेळी शांतपणे सांगते की तो आजारी नाही. मला तेवढं शांत राहता येत नाही, कारण या प्रश्नात त्याच्या वाट्याची सगळी शिकवणूक बाजूला पडते.

हा फरक न्यायालयात सगळ्यांत स्वच्छ मांडला गेला तो अमेरिकेच्याच अलाबामा राज्यात. टस्कलूसा शहरात दोन्ही संस्था होत्या: ब्राइस हॉस्पिटल मनोरुग्णांसाठी आणि पार्टलो स्टेट स्कूल बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी. १९७० साली ब्राइसवरून खटला उभा राहिला, पुढे त्यात पार्टलोही आलं. न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी एप्रिल १९७२ मध्ये दोन्हींसाठी वेगवेगळे आदेश दिले. ब्राइसमधल्या रुग्णांचा हक्क उपचाराचा ठरला. पार्टलोतल्या रहिवाशांचा हक्क ठरला हॅबिलिटेशनचा. रिहॅबिलिटेशन म्हणजे गेलेलं परत मिळवून देणं. इथे काही गेलेलंच नव्हतं, म्हणून ‘रि’ नाही. घास हाताने घेणं, कपडे घालणं, बोलणं, काम करणं, जे ज्याला जमेल ते शिकवून त्याला घडवणं, असा त्याचा अर्थ. पार्टलोत एका माणसाला हात-बोटं चोखू नयेत म्हणून नऊ वर्षं स्ट्रेटजॅकेटमध्ये, म्हणजे हात जखडणाऱ्या अंगरख्यात, बांधून ठेवलं होतं, हे त्या खटल्यात उघड झालं. हात चोखणं ही एक सवय. ती सोडवायला माणूस आणि वेळ लागतो, आणि तिथे दोन्ही नव्हतं.

या संस्था ओस कशा पडल्या, याची गोष्टही त्यामुळे एक नाही. स्टेट हॉस्पिटलांमधली गर्दी १९५५ साली शिगेला पोचली, साधारण साडेपाच लाख. त्याच सुमाराला क्लोरप्रोमाझिन हे मानसिक आजारावरचं औषध आलं आणि उतार सुरू झाला. एकट्या गोळीचं ते श्रेय नाही, पण गोळी होती. स्टेट स्कूल मात्र १९६७ पर्यंत भरतच गेली, जवळजवळ दोन लाखांपर्यंत. तिथली दारं उघडली ती पालकांनी, वकिलांनी आणि पत्रकारांनी. पत्रकार बिल बाल्डिनी यांनी १९६८ मध्ये पेनहर्स्टचं आतलं चित्रण टीव्हीवर दाखवलं, १९७४ मध्ये खटला दाखल झाला, १९७७ मध्ये न्यायाधीश रेमंड ब्रॉडरिक यांनी रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला आणि १९८७ मध्ये ते बंद झालं. तिथल्या १,१५४ रहिवाशांचा अभ्यासकांनी पाठपुरावा केला. वस्तीतल्या लहान घरांमध्ये राहायला गेलेले लोक रोजच्या कामांत पूर्वीपेक्षा स्वावलंबी झालेले दिसले. बरं कोणीच झालं नव्हतं. ते शिकले होते.

आपल्याकडेही कायदा या दोन गोष्टी वेगळ्या मानतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळलेली आहे. त्याआधी २००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या एका गरोदर तरुणीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. तिला मूल हवं होतं, प्रशासनाला गर्भपात करायचा होता. न्यायालयाने सांगितलं की गर्भपाताच्या कायद्यात पालकाची संमती पुरते ती मनोरुग्ण स्त्रीच्या बाबतीत. ही तरुणी त्या व्याख्येत बसत नाही, म्हणून तिची स्वतःची संमती हवी. त्या दोन शब्दांमधल्या फरकावर तिचं बाळंतपण अवलंबून होतं.

एकाच माणसाला बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार दोन्ही असू शकतात, हे मला मान्य आहे. मधुमेह असलेल्याचा पायही मोडू शकतो. म्हणून कोणी मधुमेहाला प्लास्टर घालत नाही.

‘वेडा’ हा शब्द मी दोघांसाठीही वापरत नाही. ‘मतिमंद’ जुन्या कागदांवर सापडतो, तो तिथेच राहू द्यावा. फोटोखाली लिहायचं तर ‘बौद्धिक अक्षमता असलेल्यांची बंद पडलेली सरकारी निवासी संस्था’ असं लिहा. ओळ लांब होते, होऊ द्या. २०१० साली पेनहर्स्टच्या इमारतीत ‘पेनहर्स्ट असायलम’ नावाचा तिकीट लावून चालणारा भुताटकीचा खेळ सुरू झाला आणि आपल्याकडचे बहुतेक मथळे त्याच नावावरून उतरतात. त्याच वर्षी तिथे सरकारी इतिहासफलकही लागला. १९०८ ते १९८७ या काळात साडेदहा हजारांहून जास्त माणसं इथे राहिली, असं त्यावर कोरलेलं आहे. मथळा उतरवायचाच असेल तर त्या फलकावरून उतरवा.