एक मोबाईल, चाळीस पुठ्ठे

‘समजलं का सगळ्यांना?’ या प्रश्नाला चाळीस मुलांच्या वर्गातून एका सुरात ‘होऽऽ’ येतं आणि फळा पुसला जातो. त्या ‘हो’मध्ये खरे किती आणि देखल्या देवा दंडवत किती, हे घटक चाचणीचे पेपर तपासेपर्यंत कळत नाही. तोवर पुढचे दोन धडे झालेले असतात.

शाळेत तंत्रज्ञान आणायचं म्हटलं की पैसा बहुतेक वेळा दाखवणाऱ्या यंत्रांवर जातो: प्रोजेक्टर, एलईडी टीव्ही, टॅबलेट. आपल्याकडे लोकवर्गणीतून कितीतरी जिल्हा परिषद शाळा अशाच ‘डिजिटल’ झाल्या. त्यात वाईट काही नाही. पण वर्गात नेमकी कमतरता असते ती शिक्षकाकडे येणाऱ्या खबरीची: कुणाला कळलं, कोण कुठे अडलं. ती खबर आणायला शिक्षकाचा एक मोबाईल आणि मुलांच्या हाती कागदी कार्डं एवढं पुरतं, आणि ते बरंच स्वस्त पडतं.

पेरू देशात खेड्यातल्या शाळांना सरकारी योजनेतून लॅपटॉप मिळाले. 319 शाळांच्या पाहणीत, लॅपटॉप मिळालेल्या शाळांमध्ये दर विद्यार्थ्यामागे संगणकांचं प्रमाण 0.12 वरून 1.18 वर गेलेलं दिसलं. गणिताचे आणि भाषेचे गुण होते तिथेच राहिले. दिल्लीत 2015 साली 619 मुलांवर झालेल्या प्रयोगात उलट घडलं. तिथे शाळेनंतरच्या केंद्रात संगणक प्रत्येक मुलाची पातळी ओळखून त्याच पातळीचे प्रश्न देत होता, जोडीला लहान गटात शिकवणीही होती. चिठ्ठी टाकून निवडलेल्या मुलांची साडेचार महिन्यांतली गणितातली प्रगती, चिठ्ठी न निघालेल्या मुलांच्या दुपटीहून जास्त भरली. यंत्रं दोन्हीकडे होती. मूल कुठे अडलंय याची विचारपूस मात्र एकाच ठिकाणी होत होती.

तशी विचारपूस साध्या वर्गात, मुलांच्या हाती कोणतंही उपकरण न देता करता येते. प्लिकर्स नावाचं ॲप त्यासाठी बरंच वापरलं जातं. प्रत्येक मुलाकडे एक कागदी कार्ड. त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी, आणि चार कडांना अगदी बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. प्रश्न फळ्यावर लिहायचा. मुलानं आपल्या उत्तराची कड वर येईल असं कार्ड धरायचं. शिक्षकानं मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून तसंच कार्ड धरलं तर उत्तर भलतंच नोंदलं जातं. बोटं वर करायला सांगितलं की आधी हुशार मुलांच्या बोटांकडे बघणारे निम्मे असतात, त्यांची इथे पंचाईत होते.

अशी चिन्हं वाचताना मोबाईल साधारण काय करतो ते पाहू, म्हणजे बिघाड कुठे होतात ते आपोआप कळेल. आधी तो रंग टाकून देतो आणि चित्र निव्वळ काळं-पांढरं करतो. त्यात कार्डाचा आकार शोधतो. कार्ड तिरकं धरलं असेल तर नक्षी चेपलेली दिसते. ती गणितानं ताणून सरळ करतो. मग एकेक घर वाचतो, काळं की पांढरं. मिळालेली नक्षी आपल्याकडच्या यादीशी चार वेळा ताडून पाहतो, दर वेळी पाव वळसा फिरवून. कोणती नक्षी जुळली त्यावरून मुलाचा क्रमांक कळतो, किती वळसे लागले त्यावरून उत्तर. म्हणूनच चारही बाजूंनी सारखी दिसणारी रांगोळीसारखी नक्षी इथे बाद. फिरवल्यावर कोणतीही नक्षी स्वतःसारखी किंवा दुसऱ्या कार्डासारखी दिसता कामा नये.

आता पुठ्ठे. ए-फोर कागदावर दोन कार्डं बसतात, म्हणजे चाळीस मुलांना वीस कागद. टोनर संपत आलेल्या झेरॉक्सवर काळ्या भागात करडे पट्टे येतात आणि ‘काळं की पांढरं’ इथेच गाडी अडते, तेव्हा प्रिंट ठळक हवी. कागद जुन्या लग्नपत्रिकांच्या किंवा वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा. चकचकीत लॅमिनेशनचा मोह टाळा: ट्यूबलाइटची किंवा खिडकीची तिरीप त्यावर चमकते आणि काळं घर कॅमेऱ्याला पांढरं दिसतं. मॅट लॅमिनेशन मिळालं तर उत्तम, नाही तर साधा पुठ्ठाच बरा. पावसाळ्यात पुठ्ठे दमट होऊन वाकतात. रोज गोळा करून रबर लावून, वर जड पुस्तक ठेवलं की सरळ राहतात.

कार्ड उंचावल्यावर त्याची पाठ मुलाकडे असते, म्हणून पाठीवर अ, ब, क, ड ठळक लिहावं लागतं. इथे हमखास गफलत होते. कार्ड पालटलं की डावी-उजवी बाजू बदलते, पण लिहिणारा पुढचा क्रम तसाच मागे उतरवतो. मग दोन कडांची उत्तरं बरोबर आणि दोन कडांची उलटी नोंदली जातात, आणि अख्ख्या वर्गाला ‘ब’ कळलं नाही असा गैरसमज होतो. कार्ड उजेडासमोर धरा आणि जी कड पुढे ‘बी’ आहे तिच्याच पाठीवर ‘ब’ लिहा.

वर्गातही दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मुलांच्या मागे उघडी खिडकी असेल तर कार्डं काळवंडतात. झडपा लावा किंवा स्वतः बाजूला सरका. बोटं नक्षीवर आली की कार्ड वाचलंच जात नाही, तेव्हा कडेला धरायची सवय पहिल्याच दिवशी लावावी. मागच्या बाकावरची कार्डं कॅमेऱ्यानं वाचली नाहीत तर तीन पावलं पुढे जा. ॲपमध्ये मुलांची पूर्ण नावं भरायची काही गरज नाही, हजेरी क्रमांक पुरतो. आणि शाळेत रेंजची बोंब असेल तर ॲप तिथे उघडतं का, हे तासाआधी पाहून ठेवा.

एवढं जमायला दोन-तीन दिवस पुरतात. प्रश्न काढायला मात्र वर्षं लागतात, आणि खरी कमाईही तिथेच आहे. एक प्रश्न जवळून पाहू. सर्वांत मोठी संख्या कोणती? अ) 0.4, ब) 0.63, क) 0.215, ड) मला सांगता येत नाही.

उत्तर ‘ब’. पण ‘क’ निवडणारी मुलं बेसावध नाहीत, त्यांच्याकडे नियम आहे: 215 ही 63 पेक्षा मोठी, म्हणून 0.215 मोठी. घरी-दारी आपण ‘शून्य पॉइंट दोनशे पंधरा’ असं वाचतो, त्यानं हा नियम आणखी पक्का होतो. ‘अ’ निवडणाऱ्यांचा नियम वेगळा: दशांश हे सहस्रांशापेक्षा मोठे, मग ज्या संख्येत नुसते दशांश ती मोठी. यांना अपूर्णांक थोडे कळलेत, आणि चूक त्यातूनच आली आहे. पहिल्या गटाला ‘दोन दशांश, एक शतांश, पाच सहस्रांश’ असं सुटं वाचायला लावावं लागतं. दुसऱ्या गटाला मीटरपट्टीवर 4 दशांश मीटर म्हणजे 40 सेंटीमीटर आणि 63 शतांश म्हणजे 63 सेंटीमीटर दाखवलं की पुरतं. दोघांना सरसकट तोच धडा पुन्हा शिकवला तर दोघंही आपापला नियम घेऊन घरी जातात. प्रश्नात 0.4 ऐवजी 0.9 घातलं असतं तर दुसऱ्या गटाचं उत्तर चुकीच्या वाटेनं बरोबर आलं असतं आणि आपल्याला पत्ताच लागला नसता. पर्याय निवडताना हे आकडे असे तोलावे लागतात.

निकाल पाहून काय करायचं, यासाठी हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1991 पासून वापरात आणलेली रीत कामाची आहे. बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्क्यांच्या मध्ये असतील, म्हणजे चाळिसांत 12 ते 28, तर उत्तर सांगायचं नाही. मुलांनी दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याला आपलं कारण पटवायचं आणि पुन्हा कार्ड धरायचं. 28 च्या वर गेलं तर थोडक्यात खुलासा करून पुढे. 12 च्या खाली असेल तर चर्चेत अर्थ नाही: चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तरी दहा जणांचं बरोबर येतं, तेव्हा धडा वेगळ्या रीतीनं शिकवायला हवा. कोणत्या पर्यायाला किती उत्तरं आली, हा पहिल्या फेरीचा आलेख मुलांना दाखवू नये. उंच खांब दिसला की दुसऱ्या फेरीत सगळे तिकडेच वळतात. कुणाचं काय चुकलं ते तर पडद्यावर कधीच नको. या उत्तरांना गुणही देऊ नयेत, दिले की पहिल्या आठवड्यात कार्डांची अदलाबदल सुरू होते.

याच कार्डांचा दुसरा उपयोग आठवणीसाठी. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्यानं मात्र आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना 42. त्यामुळे तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं तीन प्रश्नांना द्यावीत: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा.

दशांशांच्या बाबतीत महिन्यानंतरचा प्रश्न तोच ठेवू नका, मुलांना ‘ब’ पाठ झालेला असतो. ‘3.4 आणि 3.40 यांत मोठी कोणती?’ असं विचारा, ‘सारख्याच’ हा पर्याय ठेवा, आणि ‘3.40’ धरणाऱ्यांत मागच्या महिन्यातले ‘क’वाले किती, ते क्रमांकांवरून पाहा.