आत्याची विळी आणि माझं पीलर

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमची आत्या राहते, वय ७४, अंगठ्याच्या मुळाशी संधिवात. दिवाळीला मी तिला जाड रबरी मुठीचं पीलर दिलं, आणि उगाच नाही दिलं, त्या मुठीची गोष्ट माहीत होती म्हणून दिलं. अमेरिकेतल्या सॅम फार्बरची बायको बेट्सी, तिलाही हातांचा संधिवात, सफरचंदं सोलताना साधं पीलर धरवेना, त्यातून १९९० मध्ये ऑक्सो कंपनीची जाड मऊ मुठीची अवजारं आली. दांडी बारीक असली की ती चिमटीत आवळावी लागते आणि तो जोर अंगठ्याच्या सांध्यावर कितीतरी पट होऊन बसतो, जाड मूठ सैल हाताने धरली तरी चालते.

दोन महिन्यांनी गेलो तर पीलर ड्रॉवरमध्ये आणि आत्या खंडेराव मार्केटातून आणलेला दुधी विळीवर सोलतेय! म्हणाली, "अरे ते पण धरावंच लागतं ना, विळीवर पाय ठेवला की झालं." खरंच की. पातं जागचं हलत नाही, दुधी दोन्ही तळव्यांत धरून ती पात्यावर फिरवते, अंगठ्याला कामच नाही. गुडघे तिचे ठणठणीत आहेत, हे मी धरलंच नव्हतं.

डिझाइनवाले एम्पथी म्हणतात ती म्हणजे वापरणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघणं. पॅट्रिशिया मूर या डिझायनरने १९७९ मध्ये, वय २६ असताना, म्हातारीचा मेकअप केला, धूसर चष्मा लावला, कानात बोळे घातले, हातपाय बांधून घेतले आणि तीनेक वर्षं अशीच शंभरावर शहरांत फिरली. जबरदस्तच बाई. पण ती लोकांत जाऊन राहिली, मी घरी सोफ्यावर बसून आत्याची कल्पना केली. २०१८ मध्ये ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २५ प्रयोग छापले, त्यात दुसऱ्याच्या जागी स्वतःची कल्पना केल्याने त्याच्या मनातलं जास्त अचूक कळतं असं काही दिसलं नाही, उपयोग झाला तो सरळ विचारण्याचा.

मग विचारलं, आत्या, त्रास कशाचा होतो? "लायटरचा." बटण अंगठ्याने दाबवत नाही, म्हणून एका हातात लायटर, दुसऱ्या हाताचा तळवा बटणावर, आणि गॅसचा कॉक फिरवायला तिसरा हात कुठून आणायचा, म्हणून ती कॉक आधीच फिरवून ठेवते आणि मग भप्पकन जाळ.