तमाशा कलावंत आणि हक्काचा मंच : पार्श्वभूमी

ग्रामीण कलावंतांना अनुदान, नाट्यगृह आणि मानधन मिळण्यात अडचणी का येतात, याची चर्चा पुण्यात अधूनमधून होते. पण ती बहुधा चालू वर्षाच्या तरतुदींपुरतीच राहते. या अडचणी किती जुन्या आहेत, हे तमाशाच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यात लावणीला दरबारी आश्रय होता. होनाजी गवळी समाजाचे, सगनभाऊ मुसलमान शिकलगार, तर राम जोशी ब्राह्मण. शाहिरांच्या या मांदियाळीत जातीची कुंपणे काहीशी सैल झालेली दिसतात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तो आश्रय आटला आणि तमाशाची भिस्त गावोगावच्या जत्रांवर राहिली. फड (तमाशाचा संच) चालवणारे, नाचणाऱ्या स्त्रिया, ढोलकीवाले आणि सोंगाडे हे बहुतांश महार, मांग आणि कोल्हाटी समाजांतील होते. गावाला त्यांची कला हवी होती, पण त्यांना राहायला जागा गावकुसाबाहेरच मिळत असे. कुलकर्णी घराण्यात जन्मलेल्या पठ्ठे बापूरावांनी महार समाजातील पवळाबाईंबरोबर फड उभा केला, तेव्हा त्यांना स्वजातीचा रोष पत्करावा लागला. अफाट लोकप्रियता मिळवूनही १९४५ मध्ये पुण्यात त्यांचा मृत्यू झाला तो हलाखीत.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे १९४८ मध्ये पुण्यातील इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली. बंदी उठली, तरी वगाची, म्हणजे तमाशातील नाट्यभागाची, संहिता आधी तपासून घेण्याचे बंधन आले. जे वग ठरलेल्या संहितेशिवाय, सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर आणि समोरच्या प्रेक्षकांच्या प्रतिसादावर रंगत, ते लिहून काढून मंजुरीसाठी पाठवायचे होते, आणि फडांतील अनेकांना तर लिहिता-वाचताही येत नव्हते. त्यांची कला कशी असावी, हे आता शिकलेला शहरी वर्ग ठरवू लागला. या निर्णयामागचा हेतू प्रामाणिक असेलही. पण विषमतेचे सरकारी रूप इथूनच घडले, असे मला वाटते.

पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र; तेथील अर्थकारण याच काळात घट्ट झाले. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडमालकांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेसाठी सुपारी द्यायला, म्हणजे खेळ ठरवायला, येतात. हंगाम साधारण दसऱ्यापासून वैशाखापर्यंत चालतो. पावसाळ्यात उत्पन्न नसते, म्हणून कलावंत फडमालकाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतात आणि मालक सावकाराकडून; पुढच्या हंगामाची कमाई आधीच त्यात गुंतलेली असते. मुलांच्या शाळेचे वर्षही बरेचसे याच हंगामात येते. त्यामुळे फडाबरोबर फिरणाऱ्या मुलांचे शिक्षण तुटते आणि ती पुन्हा फडातच येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, त्यांचे नाव महाराष्ट्रभर गाजले, तरीही २००२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या अखेरच्या आजारपणात उपचारांच्या खर्चाची ओढाताण झाली होती. इतक्या मोठ्या कलावंताची ही स्थिती, तर फडातील साध्या झिलकऱ्याची (मागे सूर धरणाऱ्याची) किंवा पेटीवाल्याची काय असेल, याचा विचार व्हायला हवा.

मार्च २०२० मध्ये, ऐन पाडव्याच्या तोंडावर टाळेबंदी लागली आणि जत्रा रद्द झाल्या. सुपाऱ्या बुडाल्या, पण उचल फेडायची राहिलीच.

वृद्ध कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना १९५० च्या दशकापासून आहे आणि अलीकडे तिची रक्कम दरमहा ५,००० रुपये करण्यात आली. मात्र अर्जासोबत वयाचा आणि उत्पन्नाचा दाखला तर लागतोच, शिवाय कलेतील कामाचे पुरावेही जोडावे लागतात. नाट्यगृहात काम केलेल्याजवळ निमंत्रणपत्रिका आणि वृत्तपत्रांतील कात्रणे असतात. जत्रेतील बारीची (खेळाची) सुपारी बहुधा तोंडी ठरते आणि बिदागी रोख मिळते. आयुष्यभर नाचलेल्या स्त्रीजवळ त्या कामाचा कागद नसतो, हे अर्ज तपासणाऱ्या समित्यांनी गृहीत धरले पाहिजे आणि गावच्या यात्रा समितीची किंवा फडमालकाची साक्ष पुरावा म्हणून स्वीकारली पाहिजे.